पुन्हा बांधलेल्या चेनसॉ इंजिनाचे कॉम्प्रेशन: शोधाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

ज्या यंत्राच्या या नोंदी आहेत, ते ५० सीसीचे चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, असून त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३२ मिमी आहे. दोन महिन्यांपूर्वी कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीला तडा गेला होता. त्यातून जादा हवा आत ओढली जाऊन पेट्रोल कमी पडले, पेट्रोलात मिसळलेले तेलही त्याच प्रमाणात कमी पडले आणि एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन घासून इंजिन सीझ झाले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. सिलिंडरच्या आतला कठीण मुलामा शाबूत होता, त्यावर फक्त पिस्टनचे ॲल्युमिनियम फासले गेले होते. ते काढून, नवा पिस्टन, दोन नव्या रिंगा, नवी ऑइल सील, नवी रबरी नळी आणि सिलिंडरखालचे नवे पॅकिंग घालून मी इंजिन पुन्हा बांधले.

थंड असताना ते दहा-बारा झटक्यांत सुरू होते, पण जोर नाही. जरा जाड ओंडक्यावर साखळी टेकवली की आवाज खाली बसतो, आणि एकदा तापून बंद पडले की तासभर सुरू होत नाही. स्टार्टरची दोरी ओढताना हाताला जो अडथळा जाणवायला हवा, तो जवळजवळ जाणवत नाही. इग्निशन बंद ठेवून यंत्र स्टार्टरच्या मुठीला धरून हवेत लोंबकळत सोडले, तर ते आपल्या वजनाने एकदम खाली आले. कॉम्प्रेशन, म्हणजे वर जाणाऱ्या पिस्टनने सिलिंडरमधली हवा दाबणे, चांगले असलेले यंत्र असे सरळ घसरत नाही. ते दर फेरीला अडत, थांबत, टप्प्याटप्प्याने उतरते. ही चाचणी आकडा देत नाही, पण संशय पक्का करायला पुरेशी आहे.

३ फेब्रुवारी

चारचाकीसाठी वापरला जाणारा कॉम्प्रेशन गेज मित्राकडून आणला. प्लग काढला, प्लगची वायर इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवली, म्हणजे ठिणगी उघड्यावर पडून प्लगच्या भोकातून येणारे पेट्रोलचे तुषार पेटणार नाहीत आणि कॉइललाही त्रास होणार नाही. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी हलकी जावी म्हणून थोडा दाब बाहेर सोडणारी झडप) बंद, आणि काटा थांबेपर्यंत दोरीचे आठ पूर्ण झटके. काटा ७५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) थांबला. तीनदा केले, ७५, ७८, ७५.

या आकाराच्या धडधाकट यंत्राकडून १५० पीएसआयची, म्हणजे साधारण १०.३ बारची, अपेक्षा असते आणि ११०च्या खाली सुरू होण्याचीच मारामार होते. ७५ हा आकडा पाहून माझा धीर सुटला. पिस्टनच निकृष्ट आला असे ठरवून मी त्याच संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणाहून रिंगांसह नवा पिस्टन मागवला. या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा खर्च तो, आणि तो मी कोणतेही निदान न करता केला.

येथे एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. खरोखर ७५ पीएसआय असलेले चेनसॉ थंड असतानाही सहसा सुरू होत नाही. माझे होत होते.

८ फेब्रुवारी

पाच दिवस पिस्टनची वाट पाहण्यात गेले. त्या काळात हाताला काम म्हणून गेजच उघडून पाहिला आणि चूक तिथेच सापडली.

कॉम्प्रेशन गेजमध्ये एक एकदिशा व्हॉल्व्ह असतो. तो आत गेलेला दाब अडवून धरतो आणि प्रत्येक झटक्याला काटा वर चढत जातो. हा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असेल तर नळीतली जागा हिशेबात येत नाही. या गेजमध्ये तो काट्याच्या तबकडीकडच्या टोकाला होता. म्हणजे प्रत्येक फेरीला पिस्टनला सिलिंडरमधल्या हवेबरोबर नळीतली हवाही दाबावी लागत होती.

त्याने फरक किती पडतो हे पाहण्यासाठी इंजेक्शनच्या सिरिंजने नळीत पाणी भरले. ३० सेंमी लांब आणि आतून ५ मिमी व्यासाच्या त्या नळीत जवळजवळ ६ मिली पाणी मावले. ५० सीसीच्या इंजिनात पिस्टन अगदी वर असताना सिलिंडरच्या डोक्यात उरणारी जागाच, म्हणजे ज्वलनकक्ष, पाच-सहा मिली असते. म्हणजे गेज लावल्याबरोबर मी ज्वलनकक्ष दुप्पट मोठा करत होतो. चारशे-पाचशे सीसीच्या एका सिलिंडरला या सहा मिलींचा इतका फटका बसत नाही, म्हणून चारचाकीवर तोच गेज कामचलाऊ आकडे दाखवतो.

आधी काटकसर म्हणून नळीच्या टोकाच्या पितळी जोडात सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह बसवला. आकडा ९८ आला आणि दर वेळी वेगळा आला. टायरच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक असते. ती उघडायलाच थोडा दाब खर्च होतो आणि तेवढा आकडा कमी दिसतो. कॉम्प्रेशन गेजसाठी नरम स्प्रिंगचा व्हॉल्व्ह वेगळा मिळतो, दिसायला अगदी तसाच. तो आणून बसवला.

आता ११५, ११५, ११६. यंत्राच्या वागण्याशी हा आकडा जुळतो. पिस्टनचा खोका त्याच दिवशी आला; तो न उघडता फळीवर ठेवला. येथून पुढचे सर्व आकडे याच गेजचे, थंड इंजिनावरचे, आठ झटक्यांचे आहेत. दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करताना जागेची उंचीही लक्षात घ्यावी लागते, कारण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर हवेचा दाबच साधारण सहाव्या हिश्श्याने कमी असतो आणि तेच यंत्र तिथे कमी आकडा दाखवते.

९ फेब्रुवारी

तेलाची चाचणी. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेल रिंगांभोवतीची फट काही वेळ भरून काढते. न चढला तर दोष दुसरीकडे.

बाटलीचे अर्धे टोपण तेल ओतले आणि मोजले: १५०. रिंगाच दोषी, असे वहीत लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

रात्री ते अर्धे टोपण सिरिंजने मोजले, तेव्हा ते २ मिली भरले. पिस्टनच्या डोक्यावर २ मिली तेल साचले, तर पाच-सहा मिलीची जागा तेवढ्यानेच लहान होते आणि रिंगा कशाही असल्या तरी आकडा उसळतो. त्यातले काही तेल एक्झॉस्टमधून निघून गेले असणार, पण किती राहिले हे सांगता येत नाही. सकाळची चाचणी बाद. दोन रेघांवर तिसरी आडवी रेघ.

१० फेब्रुवारी

सिलिंडर रिकामा करण्यासाठी यंत्र उलटे टांगले, प्लगशिवाय वीस-पंचवीस झटके दिले, मग प्लग लावून पाच मिनिटे चालवले. पांढऱ्या धुराने खोली भरली; हे काम बाहेर करावे. दोन तासांनी, थंड झाल्यावर कोरडा आकडा पुन्हा ११५ आला. मग सिरिंजने मोजून ०.२ मिली तेल घातले आणि दोन झटके देऊन ते पसरू दिले. आकडा १२३.

आठ पीएसआयची चढ म्हणजे रिंगांतून थोडी गळती आहे, पण ३५ पीएसआयची तूट तिने भरून निघत नाही. म्हणजे दोष एकच आहे हे माझे गृहीतच चुकीचे असू शकते. हे लिहायला सोपे वाटते, पण या क्षणापर्यंत मी एकाच गुन्हेगाराच्या मागे धावत होतो.

१२ फेब्रुवारी

आज दोरी न ओढता, बाहेरून हवा भरून गळती शोधली. जुन्या प्लगचा चिनी मातीचा भाग फोडून काढला, उरलेल्या लोखंडी कवचात टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवला आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. पिस्टन अगदी वर आणून फ्लायव्हीलच्या नटवर पाना लावून धरावा लागतो, कारण वरच्या बिंदूपासून जराही हललेला पिस्टन हवेच्या दाबाने झटक्यात खाली जातो. पहिल्या वेळी माझ्या हातातला पाना तसाच फिरून बोटावर बसला. पंपाने दोन बारपर्यंतच गेलो. कॉम्प्रेसर जोडणाऱ्याने हा दाब जपूनच वाढवावा.

साबणाचे पाणी ब्रशने फासले. सिलिंडर आणि जुन्या प्लगचे कवच यांच्या जोडावर काही नाही. डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती मात्र बारीक फेस येत राहिला, सोड्याच्या बाटलीचे झाकण किंचित सैल असावे तसा. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टजवळ (सिलिंडरच्या भिंतीतले धूर बाहेर जाण्याचे भोक) कान नेला तर तिथेही हवेचा सूं आवाज होता; रिंगांना टोकांमध्ये फट असतेच, त्यामुळे थोडा आवाज अपेक्षित आहे, पण हा थोडा नव्हता.

व्हॉल्व्ह खोलला. त्याच्या बैठकीवर राखाडी रंगाचा एक कण दाबून बसला होता, मोहरीच्या दाण्याच्या चतुर्थांशाएवढा. नखाने उचकटला तेव्हा खाली बैठकीवर खळगा दिसला. सीझ झालेल्या पिस्टनचा हा तुकडा. इंजिन बांधताना मी सर्व भाग धुतले आणि हा एक व्हॉल्व्ह, वरून स्वच्छ दिसला म्हणून, न खोलता तसाच परत लावला. बैठक घासून पाहिली, खळगा गेला नाही. नवा व्हॉल्व्ह मागवला आणि तोपर्यंत त्या भोकात तांब्याच्या वॉशरसह बंद बोल्ट लावला.

आकडा १२८. तेरा पीएसआय एवढ्याशा कणात गेले होते.

ज्या जागी गेज लावतो, तिथून प्लग काढलेला असतो. त्यामुळे प्लगच्या वॉशरमधून होणारी गळती गेजवर कधीच दिसत नाही. म्हणून आज प्लग लावून, हवा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हच्या भोकातून भरून तीही बाजू तपासली. प्लग निर्दोष निघाला, पण त्यासाठी दुसरा जोड तयार करण्यात दीड तास गेला.

१५ फेब्रुवारी

बाहेर जाणारी गळती संपली, रिंगांची गळती थोडी, तरीही आकडा कमी. उरला ज्वलनकक्षाचा आकार. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या कडेत आणि सिलिंडरच्या डोक्यात किती अंतर उरते, ते मोजायला दीड मिमी जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत, थेट भिंतीला टेकेपर्यंत सरकवली आणि फ्लायव्हील हाताने एक फेरी फिरवली. तार चेपून बाहेर येते आणि तिचे टोक व्हर्नियरने मोजायचे. पिस्टन पिनच्या दिशेने, म्हणजे फ्लायव्हीलच्या आणि क्लचच्या बाजूला मोजले, कारण एक्झॉस्टच्या किंवा इनटेकच्या बाजूला पिस्टन कलतो आणि माप फसवते.

दोन्ही बाजूंना १.१५ मिमी. अशा यंत्रात हे अंतर अर्धा ते पाऊण मिलिमीटर असावे, असा माझा अंदाज होता. पॅकिंग जाड आले असेल असे वाटून राखून ठेवलेले दुसरे पॅकिंग मोजले: ०.५ मिमी, म्हणजे बरोबर.

सिलिंडरचे चार बोल्ट काढून तो उचलला. क्रँककेसच्या, म्हणजे सिलिंडरखालच्या इंजिनाच्या पेटीच्या, तोंडावर मी बसवलेले पॅकिंग अखंड होते. ते सोलून काढले आणि खालचा पृष्ठभाग कापडाने पुसला. धातूच दिसत होता, गडद राखाडी, सपाट. बोट फिरवताना एका बोल्टच्या भोकाच्या कडेला नख अडकले. तिथे नख खुपसून ओढले तर धातू पापुद्र्यासारखा सुटला. जुने पॅकिंग! वर्षानुवर्षे तेल पिऊन आणि तापून ते इतके कडक आणि इतके धातूच्या रंगाचे झाले होते की इंजिन बांधताना मी त्यावरूनच कापड फिरवले, ‘पृष्ठभाग स्वच्छ’ अशी नोंद केली आणि त्याच्यावर नवे पॅकिंग ठेवले. दोन पॅकिंग एकावर एक.

ते काढायला सव्वातीन तास लागले. लोखंडी पात्याने पाच मिनिटांत झाले असते, पण ॲल्युमिनियमवर एक आडवा चरा पडला की तिथून क्रँककेस हवा ओढणार आणि ज्या कारणाने मुळात इंजिन सीझ झाले, तेच पुन्हा घडणार. म्हणून प्लास्टिकची पट्टी, थिनरचे बोळे आणि धीर. क्रँककेसच्या तोंडात आधी कापड गच्च कोंबले होते. तरीही दोन पापुद्रे आत गेले आणि ते चिमट्याने शोधण्यात आणखी अर्धा तास.

एकच पॅकिंग ठेवून, तीच रिंगांची जोडी ठेवून सिलिंडर परत बसवला. सगळे उघडलेच आहे तर रिंगाही पाहून घ्याव्यात असे फार वाटत होते, पण दोन्ही बदल एकदम केले असते तर कोणत्याने किती दिले, हे कधीच कळले नसते. या हट्टापायी एक पॅकिंग वाया गेले, ते नोंदवतो.

सोल्डर: ०.६७ मिमी. गेज: १४३ पीएसआय.

फक्त अर्ध्या मिलिमीटरने १५ पीएसआय. ४५ मिमी बोअरचे क्षेत्रफळ साधारण १५.९ चौरस सेंमी. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा थर म्हणजे पाऊण मिलीहून थोडी जास्त जागा, आणि पाच-सहा मिलीत ती मोठी आहे. शिवाय सिलिंडर खाली आल्याने एक्झॉस्ट पोर्टही पिस्टनच्या तुलनेत खाली आला, तो चढत्या पिस्टनने आधी झाकला जातो आणि थोडी जास्त हवा आत अडकते.

पॅकिंग अजिबात न घालता, फक्त सीलंट लावून सिलिंडर बसवण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. कॉम्प्रेशन त्याने वाढते हे खरे, पण माझ्या यंत्रात मग ०.२ मिमीसुद्धा अंतर उरले नसते आणि पूर्ण वेगात, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या ताणामुळे, पिस्टन डोक्यावर आपटला असता. सोल्डरने मोजल्याशिवाय तो मार्ग धरू नये.

१६ फेब्रुवारी

आता रिंगा. सिलिंडर पुन्हा काढला. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने वरून ढकलली, म्हणजे ती तिरकी बसत नाही, आणि एक्झॉस्ट पोर्टच्या वर, जिथे भिंत अखंड आहे तिथे, टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली. ०.५५ मिमी. दुसरीची ०.५.

सर्वसाधारण हिशेब बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच असा धरतात. ४५ मिमीला तो ०.१८ मिमी होतो. एवढ्या मोठ्या फटीच्या रिंगा विकल्या कशा, असा राग आला. जुनी वही काढली, कारण बांधणीच्या वेळी फट मोजल्याचे आठवत होते. माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘फट ०.२०. कमी वाटते. तापून टोके भिडली तर पुन्हा सीझ. कानस मारली.’ पुढे किती मारली, नंतर फट किती झाली, काहीच नाही. आधी जळलेल्या इंजिनाचा धसका इतका होता की बरोबर आलेल्या रिंगा मीच बिघडवल्या आणि नंतर विक्रेत्यावर संशय घेतला.

दुसरा दोष सिलिंडरच्या भिंतीत. एक्झॉस्ट पोर्टच्या डाव्या कडेला चार मिमी रुंदीचा एक धुरकट पट्टा उजेडात तिरका धरल्यावरच दिसत होता. मुलाम्यावर ओरखडा आहे की अजून ॲल्युमिनियम चिकटलेले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. कानाच्या काडीने त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंबाहून कमी अंश लावला. पट्ट्यावर लगेच बुडबुडे उठले, शेजारी काहीच झाले नाही. ॲसिड ॲल्युमिनियमला खाते, निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या मुलाम्याला इतक्या वेळात काही करत नाही. बुडबुडे उठतात तिथे काम शिल्लक आहे, इतका सरळ हा इशारा आहे. पण पोर्टच्या आतल्या कडा आणि सिलिंडरचे अंग उघड्या ॲल्युमिनियमचे असते. थेंब ओघळला तर तेही खाल्ले जाते. म्हणून सिलिंडर असा आडवा धरला की पट्टा सर्वांत खाली राहील आणि पोर्टकडे ओघळ जाणार नाही. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. निघणारा वायू हायड्रोजन असतो आणि ॲसिडची वाफ शेजारच्या लोखंडी हत्यारांवर एका रात्रीत गंज आणते, हे माझ्या पान्यांनी सिद्ध केले.

लावणे, दोन मिनिटे थांबणे, पुसणे, असे सात वेळा झाल्यावर बुडबुडे थांबले. खायच्या सोड्याच्या पाण्याने, मग साबणाने धुतले आणि लगेच तेलाचा हात फिरवला. शेवटी भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारख्या खरखरीत पॅडने हाताने तिरक्या रेघा काढल्या. दगडी होनिंगचे यंत्र या मुलाम्यावर चालवू नये. तो पातळ असतो आणि एकदा घासून गेला की सिलिंडर टाकून द्यावा लागतो.

रिंगा कुठून आणायच्या, या विचारात फळीवरचा खोका आठवला. ३ तारखेला घाबरून मागवलेल्या त्या पिस्टनबरोबर रिंगांची जोडी होती. जाडी आधीइतकीच, १.५ मिमी, खाचेत सहज फिरतात. फट मोजली: ०.२२ आणि ०.२५. कानस कपाटात ठेवली आणि कपाट बंद केले.

१७ फेब्रुवारी

बांधणी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि रिंगांची टोके खाचेतल्या बारीक खुंट्यांवर. ही खुंटी रिंग फिरू देत नाही. ती फिरली तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटते. सिलिंडर सरकवताना खालची रिंग खुंटीवर चढली आणि सिलिंडर तिथेच अडला. जोर न लावता मागे घेतला, म्हणून वाचलो. पिनचे एक सर्क्लिप उडाले आणि सापडले नाही. जुने पुन्हा वापरायचे नसते, सुदैवाने खोक्यात दुसरी जोडी होती.

इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या तुकड्यांनी बंद करून क्रँककेसमध्ये अर्धा बार हवा भरली, मग अर्ध्या बारची पोकळी केली. दोन्ही वेळा काटा जागेवर राहिला. या चाचणीचा गेजवरच्या कॉम्प्रेशनशी काही संबंध नाही, पण ऑइल सील आणि पॅकिंग हवा ओढत नाहीत हे इथेच कळते, आणि माझे इंजिन पहिल्यांदा मेले ते हवा ओढूनच.

गेज, बंद बोल्टसह: १५४ पीएसआय.

२३ फेब्रुवारी

नवा डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह आला. बसवण्यापूर्वी त्यालाही हवा भरून साबणाचे पाणी लावून पाहिले. आता कोणत्याही सुट्या भागावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. बसवल्यावर आकडा १५४च राहिला.

कॉम्प्रेशन वाढल्याने इंजिन आता जास्त हवा आणि पेट्रोल मागते, त्यामुळे कार्ब्युरेटरची आधीची जुळणी चालणार नव्हती. पूर्ण वेगाचा स्क्रू थोडा मोकळा करून मिश्रण मुद्दाम जाड ठेवले आणि ५० भागांना १ भाग तेलाच्या मिश्रणाच्या दोन टाक्या मध्यम भाराने, वेग कमीजास्त करत चालवल्या. दोन टाक्यांनंतर, पूर्ण थंड झाल्यावर, आकडा १५९. रिंगा भिंतीशी बसत आहेत.

तापलेल्या अवस्थेत बंद करून दहा मिनिटे थांबलो. गरम इंजिनात तेलाचा थर पातळ होतो आणि आधीची प्रत्येक गळती वाढते. म्हणूनच जुने इंजिन तापल्यावर हटून बसत होते. आज दुसऱ्या झटक्याला सुरू झाले. मुठीला धरून लोंबकळत सोडले तर यंत्र पहिल्याच फेरीला अडले, थांबले, पुन्हा घसरले, पुन्हा अडले, आणि जमिनीला टेकायला त्याला चार थांबे लागले.

एकूण वेळ, वाट पाहण्याचे दिवस सोडून, २३ तास. त्यातले नऊ चुकीच्या गेजवर, टोपणभर तेलावर आणि ते उपसण्यात गेले. एक पॅकिंग वाया, एक बोट आठवडाभर निळे. नवा पिस्टन रिंगांशिवाय खोक्यात पडून आहे, आणि मित्राचा गेज नळीवर ‘लहान इंजिनासाठी नाही’ अशी चिठ्ठी चिकटवून परत केला आहे.